अवकाशस्थानकाच्या दारातला अडत्या

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२५ जून २०२५ रोजी भारतात दुपारचे बारा वाजून एक मिनिट झाले असताना फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून एक अग्निबाण सुटला. तेथे मध्यरात्र उलटून अडीच वाजले होते. त्याच्या टोकावरील अवकाशकुपीत चार माणसे होती. अमेरिकेच्या पेगी व्हिटसन, भारताचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला, पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्निएव्स्की आणि हंगेरीचे टिबोर कापू. दुसऱ्या दिवशी कुपी आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाला जाऊन भिडली. १५ जुलैला ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरली. राकेश शर्मा यांच्यानंतर एकेचाळीस वर्षांनी एक भारतीय अंतराळात गेला, आणि या स्थानकात पाऊल ठेवणारा तो पहिला भारतीय ठरला. लखनौत शुक्लांच्या शाळेत त्यांचे आईवडील आणि विद्यार्थी पडद्यासमोर बसून होते. देशाला आनंद झाला. तो खरा आनंद होता आणि त्याची चेष्टा करण्याचे काहीच कारण नाही.

परंतु त्या जल्लोषात एका साध्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. या मोहिमेचे नाव होते ‘अ‍ॅक्झिऑम-४’. हे नाव ना भारताचे, ना अमेरिकेच्या सरकारी अवकाश संस्थेचे. ते ह्यूस्टन येथील एका खाजगी कंपनीचे नाव आहे. मोहीम त्या कंपनीची होती आणि भारत सरकार तिचे गिऱ्हाईक होते. वृत्तपत्रांतून जी रक्कम प्रसिद्ध झाली ती सुमारे ५५० कोटी रुपयांची.

या प्रश्नावर पुरोगामी कार्यकर्त्यांत दोन प्रकारची मते आढळतात. काहींना वाटते की हा सगळा श्रीमंतांचा तमाशा आहे. मराठवाड्यात टँकर फिरत असताना अवकाशाच्या गप्पा कशाला? दुसऱ्या काहींना वाटते की विज्ञान पुढे जात आहे, ते कोणाच्या पैशाने जाते याची चौकशी करणे हा कोतेपणा आहे. ही दोन्ही मते मूळ प्रश्नाला बगल देतात. पहिले मत तर जनतेलाच कमी लेखते. टँकरच्या रांगेत उभी असलेली बाई आकाशाकडे पाहत नाही असे मानणे हा तिचा अपमान आहे. दुसरे मत भाबडे आहे. विज्ञान कोणाच्या पैशाने चालते याची चौकशी आजवर ज्यांनी केली नाही, त्यांच्या विज्ञानाचा ताबा यथावकाश दुसऱ्याच कोणी घेतला आहे. तेव्हा आधी हा व्यवहार नेमका कसा चालतो ते पाहिले पाहिजे.

शेतकरी चळवळीत काम केलेल्या साथींना अडत्या म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पीक त्याचे नसते, बैलगाडी त्याची नसते, बाजाराचे आवारही त्याने बांधलेले नसते. तो मध्ये उभा राहतो आणि सौदा त्याच्या हातून होतो. अ‍ॅक्झिऑम कंपनीची अवकाशयात्रेच्या धंद्यातील जागा बरीचशी अशीच आहे. अग्निबाण आणि कुपी स्पेसएक्स कंपनीची. अ‍ॅक्झिऑम ती भाड्याने घेते. स्थानक पाच सरकारी संस्थांचे, म्हणजे अमेरिका, रशिया, युरोप, जपान आणि कॅनडा यांचे. तेथील मुक्काम अ‍ॅक्झिऑम नासाकडून विकत घेते. या दोहोंची जोड घालून, प्रवाशांना प्रशिक्षण देऊन, ती संपूर्ण सहल विकते. स्वतःच्या स्थानकाचे भाग बांधण्याचे काम कंपनीने हाती घेतले आहे हे खरे. पण अ‍ॅक्झिऑम-४ उडाले तेव्हा त्यातला एकही भाग कक्षेत गेलेला नव्हता. ही कंपनी २०१६ मध्ये ज्या दोघांनी स्थापन केली त्यांपैकी एक मायकेल सफ्रेडिनी. ते त्याआधी दहा वर्षे नासामध्ये याच स्थानकाच्या कार्यक्रमाचे प्रमुख होते. यात बेकायदेशीर काही नाही. सिंचन खात्यातला अभियंता निवृत्त होऊन कंत्राटदाराच्या कचेरीत बसतो तेव्हाही बहुधा काही बेकायदेशीर नसते.

आता या आवाराची मोजदाद करू. स्थानक पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर फिरते, दिवसाला सोळाच्या आसपास प्रदक्षिणा घालते, आणि २ नोव्हेंबर २००० पासून त्यात माणसाचा वास कधीही खंडित झालेला नाही. त्याच्या उभारणीवर व देखभालीवर झालेला एकूण खर्च दहा हजार कोटी डॉलरच्या पलीकडे धरला जातो. तो सगळा पैसा करदात्यांचा. एकट्या अमेरिकेचा वार्षिक खर्च तीनशे कोटी डॉलरच्या घरात आहे. शुक्लांचा अग्निबाण ज्या ३९-ए क्रमांकाच्या तळावरून उडाला, तो अपोलोच्या चांद्रमोहिमांसाठी सरकारी पैशातून बांधलेला. २०१४ मध्ये तो वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने स्पेसएक्सला देण्यात आला. कुपीचे जे उष्णतारोधक कवच परतीच्या वेळी माणसाचा जीव वाचवते, त्याचे मूळ द्रव्य नासाच्या एम्स संशोधन केंद्रात तयार झाले. २००८ मध्ये मालवाहतुकीच्या बारा फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलर आणि २०१४ मध्ये माणसे नेणारे यान तयार करण्यासाठी २६० कोटी डॉलर, अशी कंत्राटे सरकारने त्या कंपनीला दिली. हा रतीब नसता तर आज ‘खाजगी अवकाशयुग’ म्हणून ज्याचा डंका पिटला जातो त्याचा पायाच घातला गेला नसता.

कंपनीच्या अभियंत्यांचे आणि कामगारांचे कर्तृत्व मात्र नाकारता कामा नये. अग्निबाणाचा पहिला टप्पा सुखरूप खाली उतरवून पुन्हा पुन्हा वापरणे ही मोठी कामगिरी आहे, आणि ती सरकारी संस्थांना साधलेली नव्हती. नासाच्या महानिरीक्षकांनी २०१९ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार या यानातील एका जागेचा खर्च सुमारे साडेपाच कोटी डॉलर येत होता, तर बोइंग कंपनीच्या यानात तो नऊ कोटी. हा हिशेब विरोधकांनी पुढे करण्याआधी समाजवाद्यांनीच मांडावा हे बरे. पण त्याचे पुढचे पानही वाचावे. बोइंगचे यान २०२४ मध्ये बिघाडामुळे आपल्या अंतराळवीरांना वर ठेवून रिकामे परतले, आणि अमेरिकेत माणसे नेणारा एकच पुरवठादार उरला. तत्पूर्वी २०२२ मध्येच आणखी पाच फेऱ्यांसाठी सुमारे १४० कोटी डॉलर मंजूर झाले होते. प्रत्येक फेरीत चार जागा. भागाकार कोणीही करावा: जागेमागे सात कोटी. स्पर्धेने दर उतरतात हा सिद्धान्त मांडणाऱ्यांना स्पर्धक नाहीसा झाला म्हणजे काय होते हे सांगावे लागत नाही.

स्थानकातील मुक्कामाचे दरपत्रक जून २०१९ मध्ये नासाने प्रसिद्ध केले. तो दस्तऐवज प्रत्येक कार्यकर्त्याने जरूर पाहावा असा आहे. हवा, पाणी आणि शौचकूप यांसाठी माणशी रोजचे ११,२५० डॉलर. अन्न, औषधे व इतर सामग्रीसाठी २२,५०० डॉलर. विजेच्या एका युनिटला ४२ डॉलर. महाराष्ट्रातील विजेच्या बिलावर मोर्चे काढणाऱ्यांना हा आकडा भयंकर वाटेल, पण गंमत अशी की तो भयंकर नसून सवलतीचा होता. हे दर पूर्ण खर्च भरून काढणारे नाहीत, बाजारपेठ निर्माण व्हावी म्हणून ते कमी ठेवले आहेत, ही गोष्ट पुढे नासानेच मान्य केली आणि मार्च २०२१ मध्ये ते वाढवले. किलोभर सामान वर नेण्याचा दर तीन हजार डॉलरवरून वीस हजारांवर गेला. म्हणजे मधली दोन वर्षे जनतेच्या खजिन्यातून कोट्यधीशांच्या सामानाला सवलत जाहीर झालेली होती. आणि वाढीव दरातही स्थानक उभारण्याचा मूळ खर्च धरलेला नाही. तो धरला तर कोणी कोट्यधीशही तेथे जाऊ शकणार नाही.

या दरपत्रकाची पहिली प्रत्यक्ष परीक्षा एप्रिल २०२२ मध्ये झाली. अ‍ॅक्झिऑम-१ ही केवळ खाजगी प्रवाशांची स्थानकाकडे गेलेली पहिली मोहीम. नेतृत्व नासाचे माजी अंतराळवीर मायकेल लोपेझ-अलेग्रिया यांच्याकडे, आणि बाकीचे तिघे उद्योजक व गुंतवणूकदार: अमेरिकेचे लॅरी कॉनर, कॅनडाचे मार्क पॅथी, इस्राएलचे एतान स्टिबे. तिकीट माणशी साडेपाच कोटी डॉलर असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. सहल दहा दिवसांची ठरली होती. उतरण्याच्या ठिकाणी हवामान बिघडले आणि ती सतरा दिवसांची झाली. या जादा दिवसांचे पैसे प्रवाशांनी द्यावेत की नाही? करारात तरतूद अशी होती की परतीला उशीर झाल्यास नासा त्याची भरपाई मागणार नाही. गावच्या लॉजमध्येसुद्धा बारानंतर खोली सोडली नाही तर दुसऱ्या दिवसाचे भाडे लागते.

पण पैशांपेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. या पाहुण्यांनी सोबत प्रयोगांचा मोठा कार्यक्रम आणला होता. तो त्यांच्याने आटपेना. स्थानकावर कामासाठी गेलेल्या पगारी अंतराळवीरांना आपली कामे बाजूला सारून त्यांना हात द्यावा लागला. वेळापत्रक फार भरगच्च आखले गेले हे मोहिमेच्या नेत्यांनीही नंतर प्रांजळपणे कबूल केले. नासाच्या सुरक्षा सल्लागार मंडळानेही नोंद केली की स्थानकावरील कर्मचाऱ्यांवर आणि जमिनीवरील नियंत्रकांवर त्यामुळे अवाजवी ताण पडला. घरमालकाचे पाहुणे आले की घरगड्याचा दिवस वाढतो, हे अंतराळातही चुकले नाही. पुढील मोहिमांत सुधारणा झाल्या. नंतरच्या प्रवाशांत श्रीमंत हौशी माणसांची जागा बऱ्याच अंशी सरकारांनी पाठवलेल्या माणसांनी घेतली. २०२३ मध्ये सौदी अरेबिया, २०२४ मध्ये इटली, तुर्कस्तान, स्वीडन, आणि २०२५ मध्ये भारत, पोलंड, हंगेरी. अंतराळात जाऊ इच्छिणारे कोट्यधीश मोजकेच निघाले असावेत. धंदा टिकवायचा तर गिऱ्हाईक म्हणून राष्ट्रेच हवीत.

येथे जरा थांबले पाहिजे, कारण या शेवटच्या तीन नावांत एक इतिहास दडलेला आहे. पोलंडचे मिरोस्लाव हेर्माशेव्स्की १९७८ मध्ये, हंगेरीचे बेर्तालान फार्काश १९८० मध्ये, आणि भारताचे राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी अंतराळात गेले. हे तिघेही सोव्हिएत संघाच्या ‘इंटरकॉसमॉस’ कार्यक्रमातून, सोयूझ यानातून, सल्यूत स्थानकावर गेले होते. पहिले दोघे सल्यूत-६ वर, शर्मा सल्यूत-७ वर. चार दशके उलटली, सोव्हिएत संघ उरला नाही, आणि तेच तीन देश पुन्हा एकत्र एका कुपीत बसले. या वेळी मात्र ते कंपनीचे ग्राहक होते.

सोव्हिएत काळाचे गोडवे गाण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. शर्मा सल्यूतवर होते तेव्हा त्याच सरकारचे रणगाडे अफगाणिस्तानात होते, आणि इंटरकॉसमॉसमागे दोस्त राष्ट्रे हाताशी ठेवण्याचे राजकारण उघडपणे होते. तरीही दोन व्यवहारांतला फरक पाहण्याजोगा आहे. १९८४ चा करार दोन सरकारांतला होता. त्याच्या बऱ्यावाईटाचा जाब दिल्लीत पंतप्रधानांना विचारता येत होता. २०२५ च्या मोहिमेची बोलणी पंतप्रधानांच्या जून २०२३ मधील अमेरिका भेटीपासून सुरू झाली, नासा आणि इस्रो यांची नावे पुढे होती. पण उड्डाणाचा करार ऑगस्ट २०२४ पर्यंत इस्रोने त्या कंपनीशी केला. दोन प्रजासत्ताकांच्या मध्ये दुकान आले.

दुकान मध्ये आले म्हणजे काय होते, याचे उत्तर उड्डाणाच्या वीस दिवस आधी मिळाले. ५ जून २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आणि स्पेसएक्सचे मालक मस्क यांच्यात जाहीर भांडण जुंपले. राष्ट्राध्यक्षांनी मस्क यांची सरकारी कंत्राटे रद्द करण्याची भाषा केली. त्यावर मस्क यांनी जाहीर केले की माणसे नेणारे ड्रॅगन यान आपण तात्काळ सेवेतून काढून घेत आहोत. काही तासांनी त्यांनी शब्द फिरवला. शब्द फिरवला म्हणून बरे झाले. पण ते काही तास विसरता कामा नयेत. पंचवीस वर्षे अखंड वसलेल्या, पाच सरकारी संस्थांनी मिळून बांधलेल्या स्थानकाकडे जाणारा अमेरिकेचा एकमेव चालू मार्ग एका माणसाच्या रागलोभावर लोंबकळत होता. त्याच मार्गाने जाण्यासाठी भारताचा एक वायुदल अधिकारी फ्लोरिडात विलगीकरणात बसलेला होता. गिरणगावातील माणसाला मालक एका रात्रीत टाळे ठोकू शकतो हे ठाऊक आहे. ते टाळे अवकाशाच्या दारालाही लागू शकते, हे त्या दिवशी कळले.

त्याच आठवड्यात आणखी एक घटना घडली आणि ती इस्रोच्या बाजूने सांगण्यासारखी आहे. अग्निबाणाच्या तपासणीत द्रव प्राणवायूची गळती आढळली आणि ११ जूनचे उड्डाण पुढे ढकलले गेले. गळतीची पूर्ण दुरुस्ती झाल्याखेरीज उड्डाण नको, असा आग्रह तेथे हजर असलेल्या भारतीय शास्त्रज्ञांनी धरला, असे इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर सांगितले. हा आग्रह कशाच्या बळावर धरता आला? भारताने सहा दशके स्वतः अग्निबाण बांधले, स्वतः अपयश पचवले, म्हणून गळती म्हणजे काय हे त्या माणसांना कळत होते. ज्या देशाकडे केवळ पैसे असतील आणि ज्ञान नसेल, त्याने तपासणीच्या खोलीत काय म्हणायचे?

सुरक्षिततेचा प्रश्न निघाला आहे तर अमेरिकी कायद्याकडेही पाहिले पाहिजे. २००४ मध्ये तेथे असा कायदा झाला की खाजगी अवकाशयानातील प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी सरकारने नियम करू नयेत; धंदा बाल्यावस्थेत आहे, त्याला शिकू द्यावे. प्रवाशाला धोका समजावून सांगायचा आणि त्याची लेखी संमती घ्यायची, इतके पुरे. ही मुदत २०१२ मध्ये संपायची होती. ती पुनःपुन्हा वाढवत आता १ जानेवारी २०२८ पर्यंत नेली आहे. वीस वर्षे उलटली तरी बाळ रांगतेच आहे. ‘स्वेच्छेने पत्करलेला धोका’ हे शब्द कारखाना कायद्याच्या इतिहासात कामगारांनी पूर्वी पुष्कळ ऐकले आहेत. एकोणिसाव्या शतकातील गिरणीमालकही हेच सांगत असत की कामगार आपल्या मर्जीने यंत्रापाशी उभा राहतो.

खुद्द कारखान्यातील कामगारांचे काय? रॉयटर्स वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासात, २०१४ पासून स्पेसएक्सच्या कारखान्यांत कामगारांना झालेल्या किमान सहाशे दुखापती उजेडात आल्या. त्यांची जाहीर वाच्यता पूर्वी झालेली नव्हती. मालकाच्या वर्तनावर टीका करणारे खुले पत्र लिहिल्यावरून २०२२ मध्ये काही कर्मचाऱ्यांना काढण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या अधिकाऱ्याने आठ जणांची बडतर्फी बेकायदा असल्याची तक्रार दाखल केली. कंपनीने आरोप नाकारला, आणि दुसऱ्याच दिवशी न्यायालयात जाऊन असा दावा केला की मुळात या मंडळाची रचनाच घटनाबाह्य आहे. १९३५ साली, मंदीच्या काळात, अमेरिकी कामगारांनी संप करून करून जे मंडळ मिळवले, त्याच्या अस्तित्वावरच हा घाव आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अपील न्यायालयाने मंडळाच्या कारवाईला मिळालेली मनाई कायम ठेवली. सरकारी कंत्राटांवर पोसलेली कंपनी सरकारचा कामगार कायदा मात्र आपल्याला लागू नाही म्हणते, यावर अधिक भाष्य नको.

अवकाश हे खाजगी व्यवहाराचे क्षेत्र असावे काय, हा वाद नवा नाही. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाने संयुक्त राष्ट्रांत असा मसुदा मांडला होता की अवकाशातील सर्व कार्य केवळ राष्ट्रांनीच करावे. अमेरिकेने त्याला विरोध केला. १९६७ च्या अवकाश करारात तडजोड झाली ती अशी: खाजगी संस्थांना मज्जाव नाही, पण त्यांच्या प्रत्येक कृत्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्यांच्या राष्ट्रावर राहील आणि त्या राष्ट्राने त्यांना परवानगी देऊन त्यांच्यावर सतत देखरेख ठेवली पाहिजे. त्याच करारात अवकाशाचे संशोधन सर्व मानवजातीचे क्षेत्र मानले आहे आणि अंतराळवीराला मानवजातीचा दूत म्हटले आहे. भारताने या करारावर सही केलेली आहे. दूताचे तिकीट कोणी काढायचे, हे करार लिहिणाऱ्यांना सुचले नसावे.

मग भारताने काय करावे? परदेशी सहकार्य नाकारावे काय? मुळीच नाही. सहकार्याचे दुसरे नमुने घरातच आहेत. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने अणुऊर्जा खात्याने १९६९ मध्ये नासाशी करार केला. त्यातून १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा एक उपग्रह भारताच्या कामी आला आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम दूरचित्रवाणीवरून पोचले. त्या सालात दिल्लीत आणीबाणी होती, आणि सरकारच्या ताब्यातील पडद्याकडे संशयाने पाहण्याला समाजवाद्यांना पुरेसे कारण होते, हेही नोंदले पाहिजे. पण उपग्रह कोणाकडून विकत घेतला नव्हता. दोन सार्वजनिक संस्थांनी ज्याची त्याची जबाबदारी वाटून घेतली होती.

अगदी ताजा नमुना तर शुक्ला परतल्यानंतर पंधरा दिवसांनी घडला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून ‘निसार’ उपग्रह उडाला. नासा आणि इस्रो यांनी तो मिळून बांधला; एक रडार त्यांचे, एक येथले; अग्निबाण भारताचा. बारा दिवसांत दोनदा जवळजवळ सगळ्या जमिनीचे आणि हिमाचे मोजमाप करण्यासाठी तो बांधला आहे. जमीन किती खचली, दरड कोठे सरकते आहे, मातीत ओल किती आहे, हे त्यातून कळावे अशी अपेक्षा आहे. माहिती सर्वांना मोफत खुली ठेवण्याचे दोन्ही संस्थांनी ठरवले आहे. माळीण आणि इरशाळवाडी गमावलेल्या महाराष्ट्राला तिचा उपयोग सांगावा लागणार नाही. इस्रोचा त्यातील वाटा सुमारे ७८८ कोटी रुपयांचा. वीस दिवसांच्या एका माणसाच्या प्रवासाला ५५० कोटी, आणि वर्षानुवर्षे चालायच्या उपग्रहाला ७८८ कोटी. निसार उडाला त्या दिवशी शाळांतून पडदे लागले नाहीत.

याचा अर्थ ते ५५० कोटी पाण्यात गेले असा नव्हे. शुक्लांनी मूग व मेथीचे अंकुर, सूक्ष्म शैवाल, स्नायूंची झीज अशा विषयांवरचे सात भारतीय प्रयोग तेथे केले. ‘गगनयान’ या भारताच्या स्वतःच्या मोहिमेसाठी त्यांचा अनुभव मोलाचा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या कार्यक्रमाचा एकूण खर्च २०,१९३ कोटी रुपयांवर नेण्यात आला. ज्या अग्निबाणाने ती मोहीम जायची आहे त्यातील ‘विकास’ इंजिनांचे काम विक्रोळीच्या कारखान्यातील हातांनीही केलेले आहे. म्हणजे खाजगी कारखान्यांनी सुटे भाग करणे ही येथे जुनीच गोष्ट. त्यावर आक्षेप घेणे अडाणीपणाचे होईल. आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. २०२० मध्ये खाजगी कंपन्यांना परवाने व उत्तेजन देण्यासाठी वेगळी संस्था निघाली, २०२३ मध्ये नवे अवकाश धोरण आले, फेब्रुवारी २०२४ मध्ये उपग्रहांचे भाग बनवण्यात शंभर टक्के परकीय भांडवलाला दार उघडले. २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अवकाशस्थानक उभारण्याची घोषणा झालेली आहे. ते जनतेच्या पैशाने बांधले जाईल यात शंका नाही. त्याच्या दारात कोणाला बसवायचे, हे आजच्या परवान्यांतून ठरत आहे.

अमेरिकेत त्या गोष्टीचा शेवटचा अंकही ठरून गेला आहे. आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० नंतर निवृत्त करून पॅसिफिक महासागरात पाडायचे आहे. पुढे स्थानके खाजगी असतील आणि नासा तेथे भाडेकरू म्हणून राहील. जुने स्थानक सुरक्षितपणे खाली ओढणारे यान बांधण्याचे कंत्राट जून २०२४ मध्ये दिले गेले. रक्कम ८४ कोटी ३० लाख डॉलरपर्यंत, देणारा सरकारी खजिना, घेणारी कंपनी स्पेसएक्स.

पक्षाच्या व मित्रपक्षांच्या संसद सदस्यांनी येत्या अधिवेशनात लेखी प्रश्न विचारावेत, आणि जिल्हा शाखांनी तसे ठराव करून पाठवावेत. अ‍ॅक्झिऑमशी झालेला करार सभागृहाच्या पटलावर ठेवणार काय? उड्डाण रद्द झाले असते किंवा अपघात झाला असता तर भरपाई कोणी, कोणाला, किती द्यायची होती? सातही भारतीय प्रयोगांचे निष्कर्ष विद्यापीठांना व जनतेला खुले करणार काय, आणि केव्हा? परकीय कंपनीमार्फत आणखी भारतीय पाठवण्याचा विचार आहे काय? आणि भारतीय स्थानकाच्या मालकीबाबतची टिपणी मंत्रिमंडळापुढे जाण्याआधी ती संसदेपुढे येणार की नाही?